अल्कोहोल इंक चित्रण : प्रारंभिक साहित्य

अल्कोहोल इंक चित्रण : अल्कोहोलमध्ये विरघळवलेली पातळ, पारदर्शक शाई पाणी न शोषणाऱ्या गुळगुळीत पृष्ठावर थेंबाथेंबाने सोडायची आणि हवेच्या झोताने पसरवायची, असा हा चित्रप्रकार. ब्रश इथे दुय्यम. शाई ओली असते तेवढ्या थोड्या वेळात आकार घडतो. वाळलेल्या रंगावर अल्कोहोलचा थेंब पडला की तो रंग पुन्हा सुटतो आणि वाहू लागतो. सगळा खेळ बाष्पीभवनाचा असल्यामुळे साहित्याची निवडही त्याच अंगाने करावी. वाळणे कशाने लवकर होते, कशाने लांबते आणि उडून जाणारी वाफ चित्रकाराच्या छातीत कशी जाणार नाही, एवढे कळले की खरेदीची यादी फार आखूड होते. प्रत्यक्षात नवखे लोक चोवीस रंगांचा संच घेतात आणि कागद व हवा यांचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा हवा.

शाई : बहुतेक अल्कोहोल इंकमध्ये रंजके असतात, रंगद्रव्ये नव्हेत. रंजक द्रवात पुरते विरघळते, त्यामुळे वाळलेला थर रंगीत काचेसारखा आरपार दिसतो आणि एकावर एक थर दिले तरी खालचा झाकला जात नाही. याच कारणाने तो उन्हात फिकाही पडतो. पांढरी, सोनेरी आणि रुपेरी शाई याला अपवाद आहे. तिच्यात घन कण असतात व ते तळाशी बसतात, म्हणून दर वेळी बाटली चांगली हलवावी लागते. अमेरिकेतील रेंजर कंपनीची टिम होल्ट्झ या नावाने विकली जाणारी शाई आणि जॅकार्डची पिन्याटा शाई या दोन्ही साधारण १५ मिलीलिटरच्या बाटल्यांत मिळतात. पिन्याटा अधिक गडद, त्यामुळे ती पातळ करून वापरायची तयारी ठेवावी. अल्कोहोल मार्करच्या रिफिलचीही शाई चालते. जपानच्या टू कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या कॉपिक मार्करमागचे रसायन याच जातीचे आहे.

सुरुवातीला तीन रंग पुरेत : एक निळा, एक किरमिजी, एक पिवळा. हौस म्हणून चौथी बाटली सोनेरी घ्यावी, कारण पातळ रंगाच्या कडेला ती आपोआप रेघ धरते आणि नवख्याचे चित्रही एकदम सजलेले दिसते. निळा आणि नारिंगी, किंवा हिरवा आणि लाल, एकत्र वाहू दिले की चिखल होतो. मोठ्या संचातून पहिल्या आठवड्यात निघते ते बहुधा असेच काहीतरी.

अल्कोहोल : आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळते. बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय घेऊ नये. ९९ टक्क्यांचे उत्तम, ९१ टक्क्यांचेही चालते. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असतो. अल्कोहोल उडून गेल्यावर हे पाणी मागे राहते, रंग धुरकट होतो आणि वाळायला वेळ लागतो. काही चित्रकार हा धूसरपणा मुद्दाम साधतात, पण ती पुढची गोष्ट. हँड सॅनिटायझर वापरू नये, त्यातले ग्लिसरीन व जेल कागदावर चिकट राहते. डिनेचर्ड स्पिरिटही टाळावे. त्यात मिथेनॉलसारखे विषारी द्रव्य मिसळलेले असू शकते.

नुसत्या अल्कोहोलने शाई फार पातळ केली की तिच्यातला बंधकही विरळ होतो. रंग निस्तेज दिसतो आणि पृष्ठाला नीट धरत नाही. म्हणून कंपन्या रंगविरहित द्रावण वेगळे विकतात. रेंजरचे ब्लेंडिंग सोल्यूशन आणि पिन्याटाचे क्लॅरो एक्स्टेंडर ही त्याची उदाहरणे. एक छोटी बाटली जवळ असावी.

ओल्या शाईत शुद्ध अल्कोहोलचा थेंब टाकला की त्या जागी फिकट डोळा उमटतो व रंग कडेला सरकून गडद किनार होते. पाण्याच्या तुलनेत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पृष्ठताण एक-तृतीयांशाहून कमी असतो. थेंब पडलेल्या जागी ताण आजूबाजूपेक्षा घटतो आणि द्रव जास्त ताणाच्या बाजूला ओढला जातो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये या प्रवाहावर लिहिले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले.

पृष्ठ : साधा कागद किंवा जलरंगाचा कागद शाई शोषून घेतो आणि सगळे तिथेच थांबते. चकचकीत फोटो पेपरही फसवा, कारण त्याचा वरचा थर शाई पिण्यासाठीच बनवलेला असतो. या कलेत सर्वाधिक वापर जपानी युपोचा होतो. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा आहे. तो फाटत नाही, भिजत नाही. २०० जीएसएमचा मध्यम युपो शिकायला योग्य. ३९० जीएसएमचा जाड कागद सपाट राहतो पण महाग पडतो. १५३ जीएसएमचा अर्धपारदर्शक युपो मागून उजेड सोडण्याच्या कामांसाठी असतो. कागद कडेने धरावा. बोटांचे तेल लागलेल्या जागी शाई बसत नाही, आणि ठसा नेमका रंग वाळल्यावरच दिसतो.

युपोपेक्षाही सरावाला उत्तम वस्तू बहुतेक घरांत पडून असते : बांधकामातून उरलेली पांढरी, चकचकीत टाइल. ती आधी अल्कोहोलने पुसावी, चित्र करावे, पुन्हा पुसावे. काही गडद रंजके युपोवर पुसल्यानंतरही डाग ठेवतात, टाइलवरून मात्र जवळपास सगळे निघते. त्यामुळे एकाच टाइलवर शंभर वेळा चुकता येते आणि कागदाच्या किमतीने हात आखडत नाही. अशी टाइल चहाच्या कपाखाली ठेवण्यासाठी वापरायची असेल तर वरून पक्का थर देणे आवश्यक आहे. अन्नाशी थेट संबंध येणाऱ्या भांड्यावर ही शाई लावू नये.

हवा आणि हाताची अवजारे : कॅमेऱ्याचे भिंग साफ करायचा रबरी ब्लोअर हे सर्वांत गुणी अवजार, कारण झोत किती आणि कुठे हे मुठीत राहते. मोठ्या पृष्ठाला हेअर ड्रायर हवा. थंड हवेची कळ असलेलाच घ्यावा. स्ट्रॉने फुंकणे स्वस्त असले तरी चेहरा वाफेच्या अगदी जवळ जातो, आणि चुकून श्वास आत ओढला गेला तर त्रास होतो. हीट गन ओल्या शाईवर चालवू नये. याखेरीज दोन-तीन ड्रॉपर, बारीक तोंडाची एक बाटली, जुना ब्रश, टिश्यू आणि टेबलावर पसरायला प्लास्टिक, इतके झाले की काम भागते.

सुरक्षितता : आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे; म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, हिवाळ्यातल्या थंड रात्रींचा अपवाद सोडला तर, त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा किंवा अगरबत्ती असलेल्या खोलीत हे काम करू नये. खिडकी उघडी आणि पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. एन-९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफ अडवत नाही. रोज तासन्तास काम करायचे असेल तर सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घ्यावा. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. ज्वालाग्राही द्रव हवाई टपालात निषिद्ध असल्याने ऑनलाइन मागवलेल्या बाटल्यांना वेळ लागतो, तेव्हा संपत आल्यावर नव्हे तर त्याआधी मागवाव्यात.

संरक्षक थर : ब्रशने वार्निश लावले तर शाई ओढली जाते, म्हणून थर फवाऱ्याचाच द्यावा. आधी क्रायलॉनच्या कामार वार्निशचे दोन-तीन हलके हात, ते वाळल्यावर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक स्प्रे, असा क्रम रूढ आहे. रेझिन ओतायचे असेल तर ते याच्याही नंतर. प्रत्येक नवा स्प्रे टाकाऊ तुकड्यावर आधी पाहावा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दमट हवेमुळे स्प्रेवर पांढुरकी साय धरते. तिथे हे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवतात. अतिनील थर दिला तरी रंजकाचे फिके पडणे मंदावते इतकेच, थांबत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत या चित्रांना देऊ नये.