एलिमेंटरीचा तांब्या आणि अजिंठ्याची लेणी

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. ड्रॉइंग बोर्ड, पोस्टर कलरच्या बाटल्या, पाण्याचा डबा आणि समोर टेबलावर मांडलेला तांब्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती ही नावे ऐकली की आजही पेन्सिलीला टोक काढावेसे वाटते.

इथे लंडनमध्ये मुलांच्या मराठी वर्गात मी एकदा तसाच तांब्या मांडला. एका मुलीने विचारले, "काका, फोनवर फोटो काढता येतो की! मग हे बघून बघून का काढायचं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपल्या या शहराच्या आणि मुंबईच्या सामाईक इतिहासात आहे.

१८५१ साली हाइड पार्कमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. इंग्लंडच्या कारखान्यांचा माल भरपूर होता, पण नक्षी आणि रंगसंगतीत हिंदुस्थानी कापड सरस असल्याचे तिथल्याच जाणकारांनी मान्य केले. कारागिरांची नजर घडवण्यासाठी हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रकला शिक्षणाचा २३ पायऱ्यांचा क्रम आखला. आधी उपकरणांनी रेषा, मग मुक्तहस्त बाह्यरेषा, त्यानंतर छायाप्रकाश. रंगाची पाळी बऱ्याच उशिरा. हीच साउथ केन्सिंग्टनची पद्धत.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. साउथ केन्सिंग्टनला शिकलेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये तिथे शिक्षक म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर ती पद्धतही आली. ती रुक्ष होती. गिरगाव-फोर्टातली मुले ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छटा भरत बसत. ज्या देशाच्या नक्षीचे लंडनमध्ये कौतुक झाले, तिथल्याच मुलांना नक्षी शिकवायला लंडनचा अभ्यासक्रम यावा, हा विरोधाभास लपत नाही.

पण १८७२ मध्ये ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. आता ते काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण लेण्यांतल्या अंधुक उजेडात भिंतीवरची एकेक रेषा कॅनव्हासवर उतरवत होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवर तयार झालेली नजर आता आपल्याच जुन्या चित्रांवर स्थिरावली होती.

त्यांना तिथे रंगाचाही धडा मिळाला असणार. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे रंग मोजकेच होते: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा, काजळी. निळा लाजवर्द तेवढा दुरून आणलेला. तरी चित्रे फिकी वाटत नाहीत, कारण हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोन्ही उठून दिसतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी १८३९ मध्ये हाच नियम शास्त्र म्हणून मांडला. आपण त्याला विरोधी रंगसंगती म्हणतो.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश लावले गेले. पुढे ते पिवळे पडले आणि मूळ चित्रांचे नुकसान झाले. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत सापडल्या. ज्या वाचल्या, त्या आजही तिथे, म्हणजे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, आहेत. मूळ भिंतीवरचा पोपडा पडला असेल, तिथे काय होते हे काही वेळा या प्रतिकृतींवरूनच कळते.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले: "फोटो काढायला एक क्षण पुरतो. चित्र काढायला तासभर त्या तांब्याकडे पाहावं लागतं. अजिंठ्याला ती मुलं अशीच वर्षानुवर्षं पाहत बसली होती."

तिने तांब्याचा काठ तीनदा खोडला. चौथ्या वेळी तिच्या लक्षात आले, की वरचा गोल तिथून गोल दिसतच नाही, लंबगोल दिसतो. मग तिने आपणहून हिरवा रंग मागितला, मागच्या पडद्यासाठी. तांब्या तिने तांबडा रंगवला होता.