दिव्यातला धागा सायकलीत

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे उतरणाऱ्या मालात सायकलींचे सुटे भागही असतात. त्यांतल्या कार्बनतंतूंच्या स्वस्त भागांचा इतिहास आपण पाहू.

एडिसनने १८८० च्या सुमारास बांबूचा धागा हवेविना भाजून दिव्यात वापरला. अकिओ शिंदो या जपानी संशोधकाने १९६१ च्या सुमारास कृत्रिम धाग्यापासून कार्बनतंतू बनवले. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने कार्बन नळ्यांच्या सायकलीवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली.

पोलादाची घनता ७.८, कार्बनतंतूची सुमारे १.८, म्हणून सायकल हलकी होते. पण तंतूचे बळ लांबीच्याच दिशेने असते. थरांची मांडणी चुकली, तर भाग दुबळा राहतो. पोलाद आधी वाकते, कार्बन एकदम मोडतो. रंगाखालचे थर दिसत नाहीत. म्हणून वजनाआधी आपण चाचणीचा दाखला पाहावा.