मुलांचे ऐकून कोणी घेतले? मुंबईचे बालमार्गदर्शन केंद्र, जामखेडच्या कार्यकर्त्या आणि समुपदेशनाचा विखुरलेला इतिहास : एक दीर्घ थ्रेड

१/
आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला ज्यांचे नाव दिले गेले, त्या अहिल्याबाई इ.स. १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी येथे जन्मल्या. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्या होळकरांच्या सून झाल्या. पुढे त्यांनी माळव्याचा कारभार केला, म्हणून त्यांचे बालपणही चरित्रकारांच्या लेखणीपर्यंत पोहोचले. त्याच पंचक्रोशीत, त्याच वयात सासरी गेलेल्या इतर मुलींच्या मनात काय होते, हे टिपून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

२/
मुलांच्या मनाचा इतिहास लिहिताना हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. मूल चुकले, पळाले, पकडले गेले की त्याची कागदपत्रे तयार होतात आणि दप्तरखान्यात टिकतात. मात्र कोणी त्या मुलाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घेतले असेल, तर त्याचा कागद सहसा उरत नाही. हा थ्रेड त्या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाविषयी आहे.

३/
आधी शब्दाविषयी. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे. पद्धत मात्र उपदेशाच्या उलट दिशेने चालते. समुपदेशक आधी ऐकतो, ऐकलेले स्वतःपाशी ठेवतो आणि निर्णय शक्यतो त्या मुलावर सोपवतो. वैयक्तिक समुपदेशनात हे दोघांत घडते. गटात समवयस्क मुले वर्तुळात बसतात आणि ‘हे फक्त माझ्याच बाबतीत घडते’ हा समज तेथे हळूहळू गळून पडतो.

४/
ब्रिटिश राजवटीचा पहिला विचार शिस्तीचा होता. १८५० च्या कायद्याने निराधार किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कारागिरांकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह उभे राहिले. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारगृहांचे कायदे झाले. मुलाला काम शिकवावे, वळण लावावे, एवढीच ही दृष्टी होती.

५/
वेगळा प्रश्न विचारला गेला तो शिकागोमध्ये. तेथे १८९९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले आणि १९०९ मध्ये डॉ. विल्यम हीली यांनी त्या न्यायालयापुढे येणाऱ्या मुलांचा मानसिक अभ्यास आरंभला. ‘या मुलाने काय केले?’ या प्रश्नाच्या शेजारी ‘या मुलाचे काय झाले आहे?’ हा प्रश्न येऊन बसला. बालमार्गदर्शन केंद्रांची कल्पना यातूनच वाढली.

६/
ही कल्पना मुंबईत रुजण्यात एका मराठी धाग्याचा वाटा आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. १९२७ मध्ये त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नेबरहुड हाऊस’ सुरू केले. १९३६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, स्थापन झाली. १९३७ मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते.

७/
याच अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला आपले मोठे ठाणे केले होते. शहरात व खेड्यांत त्यांच्या शाळा होत्या, दवाखाने होते. तरीही मुंबईचे केंद्र आणि नगर जिल्ह्यातील खेडे यांत फार मोठे अंतर होते. तज्ज्ञ शहरात बसणार, मुलाला तेथवर आणणार कोण? आणि ज्या घरात मुलीच्या मनाला स्वतंत्र अस्तित्वच नाही, ते घर तिला कोणत्या तक्रारीसाठी आणणार?

८/
या प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्याचे. आईवडील दोघेही शिक्षक. वेल्लोरला त्यांच्यासोबत शिकलेल्या डॉ. मेबल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६० च्या दशकात दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. बरा होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, हे त्यांनी तेथे पाहिले. आजाराचे मूळ खेड्यात असेल तर उपचारही खेड्यातच हवा, या निष्कर्षाने ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

९/
त्या वेळचा जामखेड म्हणजे कायम दुष्काळाच्या छायेतील तालुका. १९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. आरोळे दांपत्याने प्रथम प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवल्या. तो प्रयोग फसला. बाहेरून आलेल्या तरुण मुलीपाशी गावातील बाई मन मोकळे करीना. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले.

१०/
निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. अनेकजणी दलित वस्तीतील होत्या, काहीजणी टाकलेल्या, आणि कित्येकींची लग्ने कळत्या वयाच्या आधीच लागलेली. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. जातीची भिंत तेथे प्रथम खचली. चित्रे, गाणी, नाट्यप्रवेश आणि चर्चा ही त्यांची पाठ्यपुस्तके होती. शिकवणीत वैद्यकाइतकाच भर स्वतःविषयीच्या विश्वासावर होता. जिचे आजवर कोणी ऐकले नव्हते, तिला आधी ऐकले जाण्याचा अनुभव मिळाला. इतरांचे ऐकण्याची तयारी येथूनच सुरू झाली.

११/
गावात ही कार्यकर्ती घरोघर फिरे : बाळाचे वजन, गरोदर बाईची तपासणी, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी. समुपदेशन हा शब्द या कामाच्या यादीत नव्हता. पण वजनकाट्याच्या निमित्ताने ती ज्या घरात शिरे, तेथे ती चुलीपाशी बसू शकत असे. पाळी आल्याने घाबरलेली मुलगी, शाळा सुटल्याने गप्प झालेली मुलगी तिला दिसत असे. ती परकी नव्हती आणि त्या मुलीवर तिची सत्ताही नव्हती. मुलीचे गुण, तिचे लग्न, तिची मजुरी, यांपैकी काहीही तिच्या हातात नव्हते.

१२/
गटाची रीतही जामखेडला सुरुवातीपासून होती. तरुणांना जमवण्यासाठी व्हॉलीबॉलचा उपयोग झाला. एकत्र खेळताना शिवाशीव पाळणे अवघड होते. त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली, पुढे महिला मंडळे. नंतर किशोरवयीन मुलींचे गट निघाले. शरीराची ओळख, पाळी, आहार, लग्नाचे वय, आत्मसंरक्षण, स्वतःची किंमत हे त्यांचे विषय. पुढे मुलांचेही गट सुरू झाले, कारण बहिणीने जे शिकावे ते भावाला कळले नाही, तर घरात तिचा आवाज पुन्हा एकटाच पडतो.

१३/
या गटांचे महत्त्व समजण्यासाठी जिल्ह्याचा नकाशा पाहावा लागतो. उत्तरेला प्रवरेचा पाणथळ पट्टा. तेथे लोणीला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेला आणि पूर्वेला जामखेड, पाथर्डी, शेवगाव हे कोरडे तालुके; तेथून कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिवाळ्याच्या तोंडाशी घर सोडायचे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला परतायचे. मधल्या काळात वयात आलेली मुलगी ठेवायची कोठे?

१४/
या प्रश्नाचे सर्वात सोपे उत्तर म्हणून घरच्यांना लग्न दिसते. कायदा केव्हाच झाला होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, १९७८ मध्ये ते १८ झाले आणि २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला. महाराष्ट्रात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार आहेत. परंतु ग्रामसेवकापर्यंत बातमी बहुधा मांडव पडल्यावर पोहोचते. त्याआधीच्या काही आठवड्यांत मुलगी ज्या एका व्यक्तीजवळ बोलू शकेल, ती व्यक्ती गावात आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

१५/
ऐकण्याच्या मर्यादाही येथेच दिसतात. समुपदेशनाने उचल फिटत नाही, पाऊस पडत नाही, वसतिगृह उभे राहत नाही. गुप्ततेलाही सीमा आहे : २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देता येत नाही. कोणती गोष्ट मनात ठेवता येईल आणि कोणती सांगावीच लागेल, हे मुलाला आधीच स्पष्ट करणे हा त्याच्याशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग आहे.

१६/
१९८८ मध्ये जामखेड प्रकल्पातील मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली : सुंदर, पण महाग आणि हाती न लागणारी. मग त्यांनी जवळचे साधे दिवे काढले. असा दिवा स्वस्त असतो आणि तो दुसरा दिवा पेटवू शकतो, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जगभरच्या तज्ज्ञांपुढे एका खेड्यातील स्त्रीने केलेली ती मांडणी आजही आरोग्यशास्त्राच्या वर्गांत सांगितली जाते.

१७/
मुक्ताबाईंनी उपमेतून सांगितलेल्या गोष्टीची एक कसोटी तीस वर्षांनी बिहारमध्ये लागली. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या ‘सेहेर’ या प्रयोगात नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळा होत्या. काही शाळांत स्थानिक, अल्पप्रशिक्षित समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शिक्षकांना दिले. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, वैयक्तिक संवाद असा कार्यक्रम होता. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली, शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. काम तेच होते, करणारी व्यक्ती बदलली होती.

१८/
मधल्या काळात राज्ययंत्रणाही या दिशेने सरकली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्तीमागे ज्या प्रेरणा होत्या, त्यांत जामखेडही होते. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात १० ते १९ वयोगटासाठी समुपदेशन आणि गावोगाव ‘साथिया’ ही समवयस्क मुले आहेत. महाराष्ट्रात किशोरवयीनांच्या अशा दवाखान्यांना ‘मैत्री’ हे नाव मिळाले. नगर शहरात १९८९ पासून ‘स्नेहालय’ने वेश्यावस्तीतील मुलांसाठी काम उभे केले. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांची हाकसेवा आज देशभर चालते.

१९/
मुंबईचे केंद्र आणि जामखेडची कार्यकर्ती यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. गंभीर मनोविकार, आत्महत्येचे विचार, अत्याचाराचा आघात, येथे तज्ज्ञ लागतोच. मात्र त्या तज्ज्ञापर्यंत मूल पोहोचते ते कोणीतरी आधी ऐकले म्हणून. १९३७ मध्ये केंद्र उभे राहिले. त्याच्या दारापर्यंतचा रस्ता खेड्यातल्या बायकांनी पुढे अनेक वर्षे, दाराचा पत्ताही ठाऊक नसताना, बांधला.

२०/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. ससून सुधारगृहाचा इतिहास लिहायचा तर कायदे, अहवाल, नोंदवह्या हाताशी असतात. जामखेडच्या चुलीपाशी झालेल्या बोलण्याची नोंदवही नाही, आणि ती नसणे हेच त्या बोलण्याच्या विश्वासाचे लक्षण होते. १९७० च्या दशकात शिकलेल्या कार्यकर्त्या आज वृद्ध आहेत, काही हयात नाहीत. कोणाचे नाव न विचारता, कोणाचे गुपित न उकरता, ‘मुली तुमच्याकडे कशा येत, तुम्ही काय विचारत होता?’ एवढे त्यांना विचारणे अजून शक्य आहे. हे दप्तर त्यांच्या आठवणीत आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही.