फ्रिजचं रबर, काळी बुरशी आणि एक नाकारलेली कडी

मागच्या भागात आपण रेल्वेच्या डब्यांबद्दल बोललो. आजचा विषय एकदम स्वयंपाकघरातला आहे. तो माझ्याकडे आला ओल्या फडक्यातून, म्हणजे फ्रिज पुसता पुसता.

जुलैचे दिवस, पावसाची झड लागलेली. फ्रिजच्या दाराला जे रबर असतं ना, त्याच्या घड्यांमध्ये मला काळे ठिपके दिसले. पुसले. आठवड्यात परत आले. नीट पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात रबर ताठ झालं होतं आणि दार पूर्ण टेकतच नव्हतं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, नवीन रबर मागवायला आठ-दहा दिवस जातील. तोवर बाहेरून एक कडी मारून देतो, दार गच्च बसेल." मला पटलं होतं, खरंच सांगते. पण आई आतून म्हणाली, "अगं, कडी नको. पोर आहे घरात." पोर म्हणजे माझी चार वर्षांची भाची. दिवसभर आमच्याकडे असते आणि लपाछपी हा तिचा सगळ्यात आवडता खेळ.

मी कडी थांबवली, पण मनात आलं, आई जरा जास्तच घाबरते का? म्हणून वाचायला बसले, आणि हा भाग तयार झाला.

सुरुवात बुरशीपासून. आपला समज असा की थंडीत बुरशी येत नाही. थंडीत ती मरत नाही, फक्त सावकाश वाढते. क्लॅडोस्पोरियम आणि पेनिसिलियम या जातीच्या कितीतरी बुरश्या चार अंश सेल्सिअसलाही तग धरतात. त्यांचे बीजाणू हवेत कायम असतात, ते काही आपण घराबाहेर ठेवू शकत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. आणि फ्रिजचा सगळा इतिहास हा या पाण्याचं काय करायचं याचाच इतिहास आहे.

१८०३ साली अमेरिकेत मेरीलँडच्या थॉमस मूर नावाच्या शेतकऱ्याने एका लाकडी पेटीचं पेटंट घेतलं. आत बर्फ आणि बाजारात न्यायचं लोणी. त्या पेटीला त्याने नाव दिलं 'रेफ्रिजरेटर'. पुढे शंभरेक वर्षं तिकडच्या घरांत अशीच बर्फाची कपाटं होती. बर्फ वितळायचा, पाणी नळीतून खालच्या ताटलीत यायचं, आणि ती ताटली रोज ओतावी लागायची. विसरलात की जमिनीवर पाणी. लाकूड ओलं राहिलं की कुबट वास आणि बुरशी.

आपल्याकडेही हा बर्फ आला होता बरं का. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला बर्फ घेऊन पोचलं. पुढे मद्रासला आणि मुंबईलाही बर्फघरं झाली. मद्रासची ती इमारत आजही समुद्राकाठी उभी आहे.

मग विजेचा फ्रिज आला. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं 'मॉनिटर टॉप' हे मॉडेल आलं आणि अमेरिकेत फ्रिज घरोघरी जायला लागला. आपल्याकडे गोदरेजने पहिला भारतीय फ्रिज १९५८ मध्ये आणला. बर्फाची लादी गेली, पण पाणी गेलं का? नाही. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि तिच्यातलं बाष्प सगळ्यात थंड जागी जाऊन गोठतं. म्हणून तर आपल्या आया आठवड्याला फ्रिज बंद करून, खाली फडकी पसरून बर्फ काढायच्या. पुढे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आले. त्यात एक छोटा हीटर ठराविक वेळाने तो बर्फ वितळवतो. पाणी आतल्या भोकातून मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. जुनी ताटली गेली नाही मंडळी, ती फक्त फ्रिजच्या मागे लपली. रोज ओतायची नाही, म्हणून आपण तिला विसरलो.

आता दाराकडे येऊ. जुन्या फ्रिजच्या दाराला खटका असायचा. हँडल ओढलं की खटका सुटायचा, ढकललं की 'खट्' करून बसायचा. आतून उघडायची सोयच नव्हती. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी जुने फ्रिज परसात, गॅरेजमध्ये, भंगारात टाकले. मुलं खेळताना आत लपायची. खटका बसायचा. भिंती जाड आणि दार हवाबंद, त्यामुळे ओरडण्याचा आवाजही बाहेर येत नसे. अशी मुलं गुदमरून गेल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या.

शेवटी २ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे रेफ्रिजरेटर सेफ्टी ॲक्ट झाला. ३० ऑक्टोबर १९५८ नंतर बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे, असा नियम आला. पण लहान मूल आत अडकलं तर नेमकं काय करतं? हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांवर, सगळी काळजी घेऊन, प्रयोग झाले. १९५८ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ते छापून आले. बऱ्याच मुलांनी दार ढकललं, काहींनी मूठ फिरवून पाहिली, आणि काहींनी बाहेर यायचा फारसा प्रयत्नच केला नाही. हे वाचताना मी थांबले. कारण भाची डोळ्यांसमोर आली.

दार साध्या धक्क्याने उघडायला हवं आणि तरी हवाबंदही राहायला हवं, या दोन्ही अटी पाळल्या चुंबकाने. मऊ, घड्यांच्या रबरी पट्टीत लवचीक चुंबक घातलं. घड्या आहेत म्हणून पट्टी ताणली जाते आणि फ्रिजच्या चौकटीला चिकटते, आणि आतून ढकललं तर सुटते. आज माझ्या फ्रिजला आहे ती हीच पट्टी.

म्हणजे बघा, ज्या घड्यांमध्ये बुरशी बसते त्या घड्या उगाच नाहीत. तिथे दव साचतं, दुधाचे थेंब आणि पोळीचे कण अडकतात, बुरशीला सगळं आयतं मिळतं. खटका काढला आणि पुसायचं काम आपल्याकडे आलं. मला हा सौदा मान्य आहे. आणि माझा दुरुस्तीवाला, बिचारा चांगल्या मनाने, तोच खटका परत बसवून देणार होता.

मग मी काय केलं, तेही सांगते. फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढला. कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने प्रत्येक घडी घासली, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसली, आणि शेवटी कोरड्या फडक्याने अगदी ठणठणीत कोरडी केली. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ताठ कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं, तो थोडा मऊ झाला. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर तिथे फट आहे. माझी निघाली. मग मुकाट्याने नवीन रबर मागवलं आणि आठ दिवस थांबले.

आतलं भोक आणि मागचा ट्रेही साफ केला. ट्रेमध्ये काय होतं ते विचारू नका. कप्प्यांवरचे वर्तमानपत्राचे कागद आणि हँडलचं कापडी कव्हर काढून टाकलं, दोन्ही ओल धरून ठेवतात. भिंत आणि फ्रिज यांच्यात वीतभर जागा सोडली. आणि बुरशी आलेला पाव किंवा भाजी वरवर काढून खाऊ नका, तिचे धागे आतपर्यंत गेलेले असतात.

शेवटचं एक. गावाला जाताना फ्रिज बंद करणार असाल तर रिकामा करा, कोरडा करा आणि दारात दुमडलेला टॉवेल अडकवून ते किलकिलं ठेवा, नाहीतर परत आल्यावर आत बुरशीचं रान असेल. पण घरात किंवा शेजारी लहान मुलं असतील तर आधी त्या खोलीला कुलूप लावा. आणि जुना फ्रिज जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये टाकणार असाल, तर आधी त्याचं दार काढा. चुंबकाचं असलं तरी काढा.

नवीन रबर बसलं. भाचीने दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाली, "आवाजच येत नाही." आई म्हणाली, "नकोच येऊ दे."

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या फ्रिजच्या मागचा ट्रे एकदा बघून घ्या.