ट्रेमोलो पेडल

ट्रेमोलो पेडल हे इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाची तीव्रता ठरावीक गतीने कमी-अधिक करणारे, पायाने चालू-बंद करावयाचे उपकरण आहे. यात स्वराची उंची बदलत नाही. ती बदलल्यास त्या परिणामास व्हायब्राटो म्हणतात. फेंडर कंपनीने मात्र ही नावे उलटी वापरली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील स्वर वर-खाली करणाऱ्या दांडीला तिने ‘ट्रेमोलो’ म्हटले आणि आपल्या अनेक ॲम्प्लिफायरमधील खऱ्या ट्रेमोलोला ‘व्हायब्राटो’. नवख्या ग्राहकाचा घोटाळा होतो तो येथेच.

डीआर्मंड कंपनीच्या आरंभीच्या उपकरणात विद्युतवाहक द्रवाची कुपी मोटरने हलवली जाई. बो डिडली यांच्या वादनात तो आवाज ऐकू येतो.

आजच्या पेडलचे मंडल तुलनेने साधे असल्याने स्वस्त पेडलही चांगले निघू शकते. त्यावर गती आणि खोली यांची दोन बटणे असतातच. बॉस टीआर-२ वर तरंगाचा आकार बदलणारे तिसरे बटणही आहे. त्याने आवाज हळुवार हेलकावतो किंवा तुटक होतो. तथापि कमी किमतीत आवाजाच्या पातळीचे बटण अधिक मोलाचे ठरते, कारण ट्रेमोलो चालू करताच एकूण आवाज दबल्यासारखा वाटतो आणि इतर वाद्यांच्या साथीत गिटार हरवते. खरेदीपूर्वी खोली पूर्ण वाढवून, तारा न छेडता, पेडलमधून टकटक येते का हे ऐकावे. ॲम्प्लिफायरमध्येच ट्रेमोलो असल्यास वेगळ्या पेडलची बहुधा गरज नसते.