उन्हात उमटणारा पापुद्रा

पुलाच्या स्लॅबमधली सळई गंजू लागली, की ती फुगते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्या दाबाने काँक्रीट सळईच्या पातळीवर आडवे फाटते आणि वरचा पापुद्रा सुटतो. वरून पाहावे तर सारे धडधाकट. म्हणून तपासनीस आजही हातोडीने ठोकून किंवा साखळी ओढून पाहतात: भरीव जागा खणखणते, सुटलेली बद्द वाजते. पद्धत भरवशाची, पण त्यासाठी वाहतूक अडवावी लागते.

थर्मल कॅमेरा लावलेले ड्रोन हे दुखणे वरून हेरते. फटीतल्या हवेतून उष्णता सहज वाहत नाही. त्यामुळे ऊन चढताना पापुद्रा भोवतालच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो आणि रात्री लवकर निवतो. मधल्या संक्रमणात दोहोंचे तापमान सारखे होते, तेव्हा दोष चित्रातून नाहीसाच होतो. उड्डाणाची वेळ चुकली, तर महागडा कॅमेराही आंधळा.

फरक असतो तरी केवढा? पुलांच्या डेकसाठीचे अमेरिकी मानक एएसटीएम डी ४७८८ हे ०.५ अंश सेल्सिअसचा फरकही दखलपात्र मानते. एवढा फरक वारा किंवा ओल सहज पुसून टाकते. उलट तेलाचा डाग किंवा नुकतीच सरकलेली सावली खोटा ठिपका उमटवते. म्हणून सोबत साधे छायाचित्र घ्यावे आणि संशयाच्या जागी हातोडी चालवावी.

खोलीचीही मर्यादा आहे. १९८६ साली पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, त्यामागे आतल्या ताणलेल्या केबलींचा गंज होता. तसला गंज पृष्ठभागाच्या तापमानात उमटत नाही. कॅमेरा फक्त वरच्या काही सेंटिमीटरांबद्दल बोलतो, आणि तेही अंदाजाने.

या विषयात स्थापत्य अभियंत्याइतकेच काम भौतिकशास्त्राच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनाही आहे. सुरुवातीला ड्रोनचीही गरज नाही. संशोधक करतात तसा एक छोटा स्लॅब ओता, त्यात थर्मोकोलचे पातळ तुकडे वेगवेगळ्या खोलीवर गाडा आणि काँक्रीट नीट वाळल्यावर दिवसभर दर तासाला त्याचे थर्मल चित्र घ्या. कोणता तुकडा केव्हा दिसला आणि कोणता दिसलाच नाही, याची वही ठेवा. पुढची प्रकरणे त्या वहीशी ताडून वाचावीत.