क्वीनचा गिटार टोन मुळशीच्या लॉनवर: ॲम्प मॉडेलर लाइव्ह कसा वापरायचा?

गेल्या हिवाळ्यात मुळशीत, पौडच्या पुढे एका रिसॉर्टच्या लॉनवर आमच्या बँडचा कार्यक्रम होता. यादीत क्वीनची दोन गाणी होती. मी आठवडाभर रात्री हेडफोन लावून ब्रायन मेचा टोन मॉडेलरवर बनवला होता. घरी ऐकताना अंगावर काटा यायचा. स्टेजवर मात्र सोलो सुरू झाला आणि गिटार गायबच झाली. आवाज वाढवला, तर पुढच्या रांगेतल्या लोकांनी कान झाकले. साउंडवाले दादा नंतर म्हणाले, "अरे, तुझी गिटार ऐकू येत होती, पण सापडत नव्हती." ठरलेलं मानधन मिळालं, पण पुढच्या कार्यक्रमाला आयोजकांनी दुसरा बँड बोलावला.

चूक मशीनची नव्हती, माझी होती. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

ॲम्प मॉडेलर म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारचा टोन एकट्या गिटारमधून येत नाही. गिटार, पेडल, ॲम्प, स्पीकरची पेटी आणि तिच्यासमोरचा माइक अशी ती साखळी असते. मॉडेलर हा एक छोटा कॉम्प्युटर आहे. गिटारचा सिग्नल आकड्यांत बदलून तो ही सगळी साखळी गणिताने उभी करतो.

१९९८ मध्ये आलेल्या लाइन ६ कंपनीच्या 'पॉड'ने ही कल्पना घरोघरी नेली. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा 'ॲक्स-एफएक्स' आला, २०१५ मध्ये लाइन ६ चाच 'हेलिक्स'. यात ॲम्पच्या सर्किटची नक्कल केली जाते. २०११ मध्ये समोर आलेल्या केम्परची पद्धत वेगळी आहे. तो खऱ्या ॲम्पमधून ठरावीक आवाज पाठवून त्याचा जणू फोटो काढतो. आता हेच काम मशीन लर्निंगनेही होतं.

एक टोन उलगडून पाहू

क्वीनचं आपल्याशी नातं जुनं आहे. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवायचा. त्याचा पुढचा साथीदार ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली. तीच 'रेड स्पेशल'. प्लेक्ट्रमऐवजी तो सिक्सपेन्सचं नाणं वापरतो. त्याची साखळी अशी: गिटार, ट्रेबल बूस्टर, व्हॉक्स एसी३० ॲम्प, १२ इंचांचे दोन स्पीकर.

मॉडेलरमध्येही हाच क्रम लावा. ब्रँडची खरी नावं बहुतेक वेळा दिसणार नाहीत. हेलिक्समध्ये एसी३० ला 'एसेक्स ए३०' म्हणतात. ॲम्पचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण ठेवा आणि स्वच्छ आवाज हवा असेल तेव्हा गिटारवरचा व्हॉल्यूम कमी करा. मे स्वतः तेच करतो. खरा एसी३० इतका उघडला तर ३० वॅटचा ट्यूब ॲम्प लॉनवर गाणाऱ्याचा आवाजच गिळून टाकेल. मॉडेलरचा खरा फायदा इथे आहे.

घरचा पॅच स्टेजवर का बिघडतो?

कारण आपले कान. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की आवाज हळू असताना आपल्याला बेस आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात आपण दोन्ही वाढवतो. तोच पॅच मोठ्या स्पीकरवर गेला की बेस घुमतो आणि वरचे स्वर कानात टोचतात.

दुसरं कारण बँड. घरी गिटार एकटी असते. स्टेजवर खालची जागा बेस गिटार आणि ड्रमची, वरची जागा झांजांची. गिटारची हक्काची जागा मधली, म्हणजे मिड. मी नेमके तेच कमी केले होते.

स्टेजसाठी पॅच असा बनवा

१. शेवटचा निर्णय हेडफोनवर नको. रिहर्सलच्या खोलीत, बँड वाजत असताना, मोठ्या आवाजात घ्या.

२. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. गिटारच्या स्पीकरमधून एरवीही त्यापलीकडे फारसं काही येत नाही.

३. गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा. जास्त गेनने सूर एकमेकांत मिसळतात.

४. सोलोसाठी वेगळा बूस्ट ठेवा. ३ ते ४ डेसिबल पुरे, तोही मिडमध्ये.

५. डिले गाण्याच्या लयीत बसवा. ६०,००० ला बीपीएमने भागा. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद येतात. यू२ च्या द एजसारखा धावता डिले हवा असेल तर त्याच्या पाऊणपट, म्हणजे ३७५.

वायर कुठे जोडायची?

मॉडेलर थेट मिक्सरला जात असेल तर कॅबिनेटचा ब्लॉक चालू हवा. नाहीतर आवाज माशीच्या गुणगुणण्यासारखा येतो. गिटार ॲम्पच्या मागच्या 'रिटर्न'मध्ये जोडत असाल तर तो बंद करा. दोन्ही चालू राहिले तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो.

मोबाइलचं काम काय?

आवाज मोजायचं ॲप सगळ्या पॅचची पातळी सारखी करायला उत्तम. आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो. ब्लूटूथवरून सेटिंग बदला, पण ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. आवाज दरवेळी उशिरा पोचतो आणि ताल सुटतो. मॉडेलरचा स्वतःचा उशीर सहसा काही मिलिसेकंदांचाच असतो. ३ मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून सुमारे एक मीटर लांब उभं राहण्यासारखं. आणि वाजवताना मोबाइल खिशात नको. सिंगल कॉइल पिकअप त्याची खरखर पकडतो.

विजेचं काय?

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते, पण आमचं स्टेज जनरेटरवरच होतं. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी मॉडेलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तोवर गाण्याचं कडवं निघून जातं. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सोबत ठेवा. उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून साउंडचेक घाईत उरकतो. तिथे पॅच बनवत बसू नका, आधीच तयार ठेवा.

दोन महिन्यांनी भूगावच्या एका हॉलमध्ये तीच गाणी नव्या पॅचने वाजवली. हेडफोनवर हा पॅच सपक आणि नाकातून बोलल्यासारखा वाटतो. पण त्या दिवशी सोलोच्या पहिल्या सुराला मागच्या रांगेतली माणसं स्टेजकडे वळली. साउंडवाले दादा तेच होते. त्यांनी फेडरला हातसुद्धा लावला नाही.